सुनेची गाळणी

मी ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचे. लायसन्स हवं असलेला माणूस गाडी चालवणार, मी शेजारच्या सीटवर मांडीवर पॅड घेऊन बसणार, आणि गाडी परत आवारात लागली की पास की नापास ते तोंडावर सांगणार. अख्खी नोकरी त्यात गेली. माझ्या हातून सख्खा दीरसुद्धा सुटला नाही. दोनदा नापास केलाय मी त्याला, आणि पुढे वर्षभर तो आमच्या घराची पायरी चढला नाही. तेव्हा माणूस कसा पारखायचा हे मला कोणी शिकवायला नको.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की मी माझ्या सुनेबद्दल बोलणार आहे, आणि सासू सुनेबद्दल बोलायला लागली की ऐकणारे आधीच गालातल्या गालात हसायला लागतात. हसा बापडे. पण मी उगाच कोणाला चांगलं म्हणत नाही, हे आमच्या ऑफिसात कोणालाही जाऊन विचारा.

मुलगा तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, चल, जरा गाडीतून चक्कर मारून येऊ, तूच चालव. मुलानं कपाळावर हात मारला. पोरीनं गाडी बरी चालवली, पण एका ठिकाणी आरशात न बघता लेन बदलली. मी ते सांगितलं. दुसरी कोणी असती तर ओशाळली असती, नाहीतर फुगून बसली असती. हिनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, नक्की कुठे, आणि तेव्हा मागे कोणी होतं का. मी म्हटलं, नव्हतं. तर म्हणते कशी, म्हणजे मी नशिबानं वाचले, बघून नाही. मी मनात म्हटलं, ही आपल्याला चालेल.

आता मुलाचं सांगते. त्याला आम्ही फोड्या म्हणतो. रांगायला लागल्यापासून हातात येईल ती वस्तू उघडायची, मोडायची आणि आत काय आहे ते बघायचं. टेबलफॅन झाला, रेडिओ झाला, शेजाऱ्यांचं शिलाई मशीन झालं. आई म्हणून मी जितके धपाटे घातले तितके कोणत्याही आईनं घातले नसतील, आणि आता त्याच खोडीचा त्याला पगार मिळतो. कंपन्या आपलं सॉफ्टवेअर त्याच्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, फोडून दाखवा. भोक सापडलं की बुजवतात. घरात नवरा फोडतो आणि बायको बांधते, असा आमचा जोडा.

सून ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत आहे. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ते. फोड्याचे बाबा गेल्यावर मी या दोघांकडे राहायला आले, आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, बाई गं, तू दिवसभर जेवणाच्या टेबलावर बसून करतेस तरी काय. तिनं हातातलं काम ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

आपण इंटरनेटवर एखादं पान उघडलं, की कुठल्या कोण माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर येऊन चालायला लागतो. साधा असला तर ब्राउझर त्याचं बोट धरून त्याला चालवतो. त्यात धोका नाही, पण चाल गोगलगायीची. फोटो सुधारणारे, इमारतींचे आराखडे फिरवून दाखवणारे, मोठमोठे खेळ, असले जड प्रोग्रॅम त्या चालीनं चालत नाहीत. ते थेट मशीनच्या भाषेत लागतात, म्हणजे प्रोसेसर काही न विचारता ते चालवतो. आणि गोची तिथंच आहे. मशीनच्या भाषेतला प्रोग्रॅम एकदा मोकळा सुटला की त्याला विचारणारं कोणी नाही. तो तुमच्या फायली वाचेल, पुसून टाकेल, पासवर्ड घेऊन पोबारा करेल. सुनेचं म्हणणं असं, की या परक्याला घरात घ्यायचं, पूर्ण वेगानं पळू द्यायचं, आणि तरीही त्याला घरातल्या चमच्यालासुद्धा हात लावता येऊ नये. त्याला एक बंद खोली द्यायची. बाहेरचं काही पाहिजे असेल तर खिडकीपाशी येऊन मागायचं, देण्यासारखं असेल तर मिळेल.

पण तो खोलीत राहील कशावरून? त्यासाठी सुनेनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. परका आला की तो चालायच्या आधी हा छोटा प्रोग्रॅम त्याची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक सूचना वाचून काढतो. मशीनच्या सूचना सलग लिहिलेल्या असतात, मध्ये मोकळी जागा नसते. त्यामुळे एखादी सूचना मधूनच वाचायला घेतली तर भलताच हुकूम निघतो, आणि चोर नेमका अशा सांदीत लपून बसतो. म्हणून प्रोग्रॅमनं एका सूचनेवरून दुसरीकडे उडी मारायची तर सूचना जिथून सुरू होते तिथंच, मध्येच कुठे नाही, हा नियम. एक सूचना ओळखू आली नाही, एक उडी नियमाबाहेर दिसली, की अख्खा प्रोग्रॅम आल्या पावली परत. ऑफिसातल्यांनी त्याचं नाव गाळणी ठेवलं. मला ते काही पटलं नाही. आपली गाळणी चोथा ठेवून घेते आणि चहा खाली सोडते. हिची गाळणी एक कण दिसला तरी पातेलंच परत पाठवते. पण नाव पडलं ते पडलं.

गाळणी अगदी लहान ठेवायची, हा सुनेचा हट्ट. एका माणसानं एका बैठकीत वाचून, यात चूक नाही असं म्हणता यायला हवं, इतकी लहान. तिच्यात काही नवीन घालायला कोणी आलं की ही आधी विचारायची, मोबदल्यात काय काढू?

तिच्याबरोबर एक दाढीवाला काम करायचा. माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर त्याच्याकडे होता. त्याचं वर्षानुवर्षांचं दुखणं एकच. माझ्या कंपायलरमधून आलेला माल तरी न तपासता सोड, तेवढाच वेळ वाचेल. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. एकदा आमच्याकडे जेवायला आला आणि भाताचा घास हातात धरून तिला विचारलं, इतकी वर्षं एकत्र काम करतोय, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?

"आहे ना," ती म्हणाली. "पण गाळणीला विश्वास ठेवता येत नाही."

दाढीवाला त्या दिवशी गोड न खाताच गेला. मी सुनेला म्हटलं, तोडायचं पण किती? ती म्हणाली, आई, त्याच्यासाठी एक दार उघडलं की त्याचं सोंग घेऊन दुसरा येईल.

सगळं बरं चाललं होतं, आणि मध्येच पाटी उपटली. ऑफिसातल्या दुसऱ्या एका गटानं मोठ्या साहेबांपुढे सोपी युक्ती मांडली. गाळणी नको, खोली नको, एवढा खटाटोपच नको. परका प्रोग्रॅम आला की पडद्यावर एक पाटी दाखवायची, 'याच्यावर तुमचा विश्वास आहे का?' आणि खाली हो, नाही. माणसानं हो दाबलं की प्रोग्रॅम मोकळा. खर्च कमी, काम लगेच तयार.

सून सहसा आवाज चढवत नाही. पाटीचं नाव निघालं की मात्र तिचा पारा चढायचा. माणूस काय बघून हो म्हणणार, ती विचारायची. त्याला आत काय आहे ते दिसत नाही, कळत नाही, आणि तो घाईत असतो. तो हो म्हणणारच. मग वाटोळं झालं की आपण हात झटकून म्हणायचं, तुम्हीच हो म्हणालात. हे म्हणजे रस्त्यात खड्डा खणून शेजारी फलक लावायचा. तिनं आम्हाला दोघांना बसवून स्पष्ट सांगितलं, की पाटी लागली तर मी ही नोकरी सोडणार. धमकी म्हणून नाही. लोकांच्या घरात चोर सोडणाऱ्या कामावर मला रोज जाता येणार नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं, ही खरंच सोडेल.

साहेब माणूस समतोल. त्यांनी तोड काढली. गाळणी, खोली, खिडकी, सगळं जगापुढे उघडं करायचं आणि आव्हान द्यायचं, या आणि फोडा. मुदत संपली की सगळ्यांसमोर सभा घ्यायची आणि ठरवायचं, गाळणी लावायची की पाटी. कंपनीच्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी भाग घ्यायचा नाही, एवढाच नियम.

मग काय विचारता. कुठून कुठून लोकांनी घणाचे घाव घातले. रोज काहीतरी यायचं. खिडकीची कडी सैल आहे, कोणी खिडकीतून जास्तच मागितलं तर खोली गडबडते, असलं. सून ते वाचायची, दुरुस्त करायची आणि पाठवणाऱ्याला आभाराचं पत्र टाकायची. मी म्हटलं, शिव्या घालायच्या सोडून आभार कसले? तर हसली. कड्या निघत होत्या, पण गाळणीला कोणी ओरखडा काढू शकलं नव्हतं. मुदत संपत आली तशी बाई गुणगुणायला लागली. मी तिला गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनं गाऊ नयेच.

इकडे फोड्याचे हात शिवशिवत होते. भाग घ्यायला बंदी, पण घरी बसून खेळायला कोण अडवतंय? आमच्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे, ज्यावर मी पत्ते खेळते. तो घेऊन बसला. एका रविवारी सकाळी मी मटार सोलत होते आणि सून कपडे वाळत घालत होती. फोड्या काही जिंकला की ओरडतो, घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी तो एकदम गप्प झाला. मग जरा वेळानं त्यानं तिला हाक मारली, आणि ती हाक ऐकून मीही मटार ठेवून उठले.

पडद्यावर माझा फोटो होता. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या आवारात काढलेला, हातात फुलांचा गुच्छ. मी म्हटलं, हा कशाला काढलास. फोड्या म्हणाला, मी नाही काढला आई, त्यानं काढला. त्यानं म्हणजे बंद खोलीतल्या परक्यानं. गाळणीनं त्याला तपासून आत सोडला होता, आणि तो खोलीची भिंत ओलांडून माझ्या फोटोंपर्यंत पोचला होता.

झालं होतं ते असं. उडीच्या सूचनेआधी एक जादाचं अक्षर ठेवता येतं. एका कंपनीच्या चिपा, म्हणजे प्रोसेसर, त्या अक्षराकडे बघतही नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या चिपा ते मनावर घेतात आणि ती सूचना लवकर संपली असं धरतात. सुनेच्या ऑफिसातली सगळी मशीनं घाऊक घेतलेली, पहिल्या कंपनीची. आमचं पत्ते खेळायचं मशीन दुसऱ्या कंपनीचं. त्यामुळे गाळणी एक वाचत होती आणि आमचं मशीन दुसरंच, आणि एकदा दोघांची पावलं चुकली की पुढचं सगळंच चुकलं. चोराला हवी तशी सांद मिळाली.

पण सून हबकली ती त्यानं नाही. गाळणी बरोबर आहे का हे बघायला तिनं आणखी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो हजारो तऱ्हेच्या सूचना गाळणीवर फेकायचा आणि निकाल ताडून बघायचा. तोही तिनंच लिहिलेला, त्याच डोक्यातून निघालेला. त्या अक्षराबद्दल जो गैरसमज गाळणीत, तोच त्या तपासनीसात. स्वतःच पेपर काढला, स्वतःच सोडवला, स्वतःच तपासला आणि स्वतःला पैकीच्या पैकी मार्क दिले. आळशी माणसाच्या हातून हे झालं नसतं. त्यानं तपासणी दुसऱ्याच्या गळ्यात मारली असती. ही बिचारी सगळं स्वतः नीट करायला गेली.

ती खुर्चीवर बसली. चेहरा पांढराफटक. फोड्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचं तोंडही रडवेलं झालं होतं. तो म्हणाला, दोन ओळींचं काम आहे, गुपचूप दुरुस्त कर. बाहेर कोणाला सापडलेलं नाही, आणि मला भाग घेता येत नाही, म्हणजे हे कोणालाच सापडलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही क्षणभर वाटलं, खरंच, घरातलं घरात राहिलं तर कोणाचं काय बिघडतंय?

"दोन ओळी मी आत्ता लिहीन," सून म्हणाली. "पण सभेत विचारतील, तू हे तपासलंस कसं? तेव्हा मी काय सांगू?"

फोड्या म्हणाला, खरं सांगितलंस तर पाटी लागेल. ती म्हणाली, मला माहीत आहे. आणि मग ती रडली. हमसून हमसून रडली, आणि रडता रडता म्हणाली की मला भीती वाटतेय, इतकी वर्षं गेली, सगळं जाईल. मी तिला जवळ घेतलं. मग तिनं तोंड धुतलं, कपड्यांची बादली रिकामी केली, आणि टेबलाशी बसून दोन ओळी लिहिल्या. त्या आमच्या जुन्या मशीनवर चालवून बघितल्या, फोड्याकडूनही बघून घेतल्या, आणि भोकाची सगळी हकीकत नवऱ्याच्या नावानिशी ऑफिसला पाठवून दिली.

फोड्या खवळला. माझ्याच हातानं स्वतःचा गळा कापून घेतेस, म्हणाला. दिवसभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मीठ हवं तरी माझ्यामार्फत मागायचे. शेवटी मी मिठाची बरणी दोघांच्या मध्ये आपटली आणि सांगितलं, की या घरातली खिडकी आता बंद झाली, ज्याला जे हवं ते त्यानं स्वतः उठून घ्यावं. तेव्हा कुठे फोड्या हसला आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

सभा आम्ही घरूनच बघितली, कारण ती सगळ्यांना दाखवत होते. लांबट खोली, लोक दाटीवाटीनं बसलेले, पुढच्या रांगेत पाटीवाले, कोपऱ्यात दाढीवाला हाताची घडी घालून. सून उभी राहिली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, की गाळणीला भोक होतं, आणि ते तुमच्यापैकी कोणाला सापडलं नाही. मग तिनं ते दाखवलं. नंतर तपासनीसाची गोष्टही सांगितली, काही न लपवता. साहेबांनी विचारलं, हे शोधलं कोणी? ती म्हणाली, माझ्या नवऱ्यानं, घरी, सासूबाई पत्ते खेळतात त्या मशीनवर. सगळी खोली हसली. मी कशाला प्रसिद्ध व्हावं ते नशीबच ठरवतं.

पाटीवाल्यांचा म्होरक्या खुर्चीत सरसावून बसला. मला वाटलं, संपलं. पण साहेबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांना हिचा खरेपणा भावला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी विचारलं, भोक बुजवलंस? ती म्हणाली, हो.

"मग तू सांग," साहेब म्हणाले. "आता पक्की आहे असं तू म्हणालीस, तर मी आज, इथंच जाहीर करतो. तुझा शब्द मला पुरे."

घरी मी पडद्याकडे बघून मोठ्यानं म्हटलं, अगं, म्हण पक्की. पडत्या फळाची आज्ञा समज आणि मोकळी हो. फोड्यानं माझा खांदा इतका आवळला की मला तो झटकावा लागला. तिकडे सून नुसती उभी होती. तिनं पाण्याचा ग्लास उचलला, प्यायली नाही, परत ठेवला.

"नाही साहेब," ती म्हणाली. "माझ्या शब्दावरच लावायची असेल तर मग पाटी काय वाईट आहे? तिथंही माणूस कोणाच्या तरी शब्दावरच हो म्हणतो."

फोड्या खाली फरशीवर बसला. मी कपाळ बडवून घेतलं. हातातोंडाशी आलेला घास, आणि पोरीनं तो स्वतःच्या हातानं बाजूला सारला.

मग तिनं मागणं मागितलं. माझी एक ओळही न वाचलेल्या माणसानं, चिप बनवणाऱ्यांची पुस्तकं समोर ठेवून, दुसरी गाळणी लिहावी. दोन्ही कंपन्यांच्या मशीनवर दोन्ही गाळण्या चालवाव्या, लाखो प्रोग्रॅम त्यांच्यातून गाळावे. जिथं दोघींचं जुळणार नाही तिथं कोण चुकलं ते शोधावं. आणि हे काम दाढीवाल्याला द्यावं. खोलीत कुजबुज झाली, कारण दोघांचं किती सख्य आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, म्हणूनच तो हवा. तो मला कसलीही सूट देणार नाही. दाढीवाल्याच्या हातांची घडी सुटली आणि त्यानं मान डोलवली.

साहेब म्हणाले, ठीक. तोवर गाळणीही नाही आणि पाटीही नाही. पण मी कायमचा थांबणार नाही. हिवाळा संपेपर्यंत झालं नाही तर पाटी लावणार.

पुढचे दिवस आमच्या घरात दगड छातीवर ठेवल्यासारखे गेले. दाढीवाला लिहीत होता आणि सून त्याच्याशी बोलत नव्हती. भांडण म्हणून नव्हे. तिचा एखादा समज बोलण्या-बोलण्यात त्याच्या डोक्यात जाऊ नये म्हणून ती ऑफिसात गेली तरी जेवायला वेगळ्या टेबलावर बसायची. मी म्हटलं, हे सोवळं भलतंच कडक. साहेबांचा दोनदा फोन आला. बाहेरच्या कंपन्या घाई करताहेत, पाटीवाले कानाशी लागलेत, तू नुसतं हो म्हण, आपण सुरू करू. दोन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, आई, मी ताठरपणा करतेय का? मी म्हटलं, मला माहीत नाही गं. खरंच माहीत नव्हतं. हिवाळा सरत आला होता, बागेतल्या झाडांना कोंब फुटायला लागले होते, आणि त्या वर्षी मला ते कोंब बघवत नव्हते.

एक दिवस दुपारी ती टेबलाशी बसली होती आणि मी समोर चष्म्याच्या काचा पुसत होते. तिच्या फोनवर दाढीवाल्याचा निरोप आला. तिनं वाचला. परत वाचला. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, त्याची गाळणी आणि माझी गाळणी एका जागी जुळत नाहीत.

ती जागा म्हणजे तिच्या त्या दोन ओळी. फोड्यानं भोक दाखवलं त्या रविवारी लिहिलेल्या. ते जादाचं अक्षर एकदा ठेवलं तर तिची दुरुस्ती ते पकडायची. पण तेच अक्षर लागोपाठ दोनदा ठेवलं तर सोडून द्यायची. भिंत पुन्हा तिथंच पडत होती. तिनं तपासलं होतं, फोड्यानं तपासलं होतं, आणि त्या घालमेलीत दोघांनाही हे सुचलं नव्हतं. सभेच्या दिवशी तिनं साहेबांना शब्द दिला असता तर हे भोक एव्हाना घरोघरच्या कॉम्प्युटरवर असतं.

मला वाटलं, ही आता कोसळणार. मी उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तिनं साहेबांना फोन लावला.

"साहेब, माझी दुरुस्ती चुकीची होती. दुसऱ्या गाळणीनं पकडली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, नाही, थांबवायला नाही फोन केला. ती चूक आम्ही दोघं मिळून काढतो, दोन्ही गाळण्यांचं जुळलं की लगेच सुरू करा. आता माझी काही हरकत नाही. आता गाळणी मलासुद्धा अडवते."

साहेबांनी तारीख विचारली, आणि तिनं हिवाळा संपायच्या आतली सांगितली.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र असा फुललेला, की मी तिला तशी लग्नातही बघितली नव्हती. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि सांगितलं, की मला तुझा फार अभिमान वाटतो. हे मी माझ्या पोटच्या पोरालासुद्धा कधी म्हटलेलं नाही.